सुटं माग, पोरी

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू का, डोकंच फिरलं. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वर आलीत, तर रॅप घेऊ का बर्गर, व्हेज बरं का चिकन, मल्टीग्रेन बन खरंच मल्टीग्रेन असतोय का, सॉसमध्ये साखर असती का... एवढे प्रश्न डोक्यात घेऊन तू ऑफिस सुटल्यावर राजारामपुरीत मैत्रिणींच्या मागं काउंटरला उभी राहतीस आणि शेवटी मागवतीस काय? तूच लिहिलंयस, "मग कॉम्बोच घेतला काका, स्वस्त पडला." आता बोला.

बर्गर सोड गं. घोटाळा बर्गरनं झालेलाच नाही. सुटं माग. एक बर्गर पाहिजे होता ना, मग एकच बर्गर माग, फ्राइज आणि कोल्ड्रिंक तुला नकोच होतं, स्वस्त पडतंय म्हणून आलं ते ताटात. 300 मिली साध्या कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असती, म्हणजे सहा-सात चमचे धर, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणती की दिवसभराची वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा. तू इकडं बनचा रंग बघत बसलीस आणि तिकडं स्ट्रॉमधनं दिवसाचा कोटा संपला पण. आईला चहात साखर कमी घाल म्हणून ओरडतीस ती तूच ना?

पुण्यात असताना मी असल्याच एका काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरी केलीय, तुला माहितीय. "मील करू का?" (मील म्हणजे तोच कॉम्बो), "लार्ज करू का?" "एक्स्ट्रा चीज?" हे पाठ करून घेतलं होतं आमच्याकडनं. मागं रांग असली की गिऱ्हाईक पहिल्याला नाही म्हणतंय, दुसऱ्याला पण नाही म्हणतंय, आणि तिसऱ्याला ओशाळून हो म्हणून टाकतंय. त्या पोराचा राग करू नको, त्याला विचारायलाच ठेवलंय. आता तर स्क्रीन आल्यात, मीलचा फोटो हा एवढा आणि सुटा बर्गर खाली कुठंतरी. मग बोट खाली ने की! आणि काय खायचं ते घरातनं निघताना ठरव, रांगेत भुकेल्या पोटी ठरवलेलं काय खरं नसतंय. निघायच्या आधी केळं खा नाहीतर मूठभर शेंगदाणे.

बोर्डावर कॅलरी पण लिहिलेल्या असतात, कुणी वाचत नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं 2022 पासून ते लिहायला लावलंय, बारीक अक्षरात का असंना पण असतंय. वाच. रॅप म्हणजे हलका ही समजूत तिथंच उतरंल तुझी, मैद्याची पोळीच ती, आत तळलेली पॅटी आणि वर सॉस. व्हेज म्हणजे हलकं ही दुसरी समजूत. पनीरला कोटिंग लावून तळलं आणि वर चीजची स्लाइस टाकली की ते साध्या आलू टिक्कीच्या छोट्या बर्गरला पण मागं टाकतंय. ग्रिल केलेलं चिकन मिळालं तर ते घे, नाहीतर सगळ्यात साधा, छोटा, जुना बर्गर.

आणि मेयो. मिसळीच्या हॉटेलात तू काय सांगतीस? "कट वेगळा द्या." वाटी आली की वरचा तवंग चमच्यानं बाजूला सारून मग खालचा रस्सा घेतीस, मी बघितलंय. मग मेयो वेगळा मागायला लाज कसली? पांढरा असतोय म्हणून? तेलच हाय ते! तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला चार. फुल फॅट मेयोच्या एका मोठ्या चमच्याला शंभरच्या आसपास होतात. सुटा माग, बोटभर लाव, बाकीचा ठेव तिथंच. सॅलडचं ड्रेसिंग पण सुटं माग, नाहीतर सॅलड खाल्ल्याचं नुसतं समाधान.

घरात मला चिक्कू म्हणतात. भाचीच्या वाढदिवसाला सगळे गेलो होतो, मीलला थोडेच पैसे जास्त पडत होते, काउंटरवाला समजावतोय, मेहुणा समजावतोय, आणि मी आपला सुटा बर्गर आणि पाणी यावरच अडून बसलो. बायको अजून पाहुण्यांसमोर सांगती. सांगू दे. पैसे वाचवायचे असते तर मी तिथं गेलोच नसतो, मला नको असलेलं वरनं पैसे देऊन मी का खाऊ? ह्याला कुणाकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. थोरल्या भावाला मात्र हे कधी बोलता आलं नाही, त्याला उलट बोलायची रीत नव्हती आमच्यात. म्हणून तुला जरा जोरात सांगतोय, रागवू नको.

"आपण कोल्हापूरची माणसं, खायला काय भ्यायचं" असं लिहिलंस ते आवडलं मला. पण गंगावेशीत दूध पिणारा तालमीतला पोरगा पहाटे घाम गाळतोय, तू दिवसभर एसीत खुर्चीवर. तुझी ट्रायग्लिसराइड्स वर आलीत, त्याची नाही.

जाणं बंद करू नको बरं का. दोस्ती तुटल्यावर कोशिंबीर खाऊन काय उपयोग. फ्राइज चौघींत एक छोटं पाकीट घ्या, वरनं मीठ टाकू नका म्हणून सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी ऐकतात. पिझ्झा असला तर पातळ बेस, चीज बर्स्ट नको, आणि ती ऑरेगॅनोची पाकिटं ढिगानं ओतत जाऊ नको, मीठ असतंय त्यात.

डायट कोलाचं राहिलं. साखर नसती त्यात, कधीतरी घेतलीस तर मी काय म्हणणार नाही, पण मीलमध्ये येती म्हणून घेणार असशील तर नको. आणि डॉक्टरांनी परत रिपोर्ट काढायला सांगितलाय, त्याची तारीख मला आजच कळव, विसरलो म्हणून सांगायचं नाही.