पहिल्या ड्युटीआधी हे वाच

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्याचं कळलं, आनंद झाला. 'सिक्युरिटीत काय, गेटवर नुसतं उभं राहायचं' असं कुणीतरी तुला ऐकवलंय आणि ते तुला लागलंय, हे पत्रातून जाणवलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. उभं राहणं हा या कामातला सगळ्यात लहान भाग आहे. काल जे जसं होतं ते आज तसंच आहे का, हे बघत राहायचं आणि वेगळं दिसेल ते लगेच लिहून ठेवायचं, ही खरी ड्युटी.

सुरुवात चार्ज घेण्यापासून होते. शिफ्टच्या पंधरा मिनिटं आधी पोच. आधीचा गार्ड थकलेला असतो, त्याला घरी जायचं असतं. तो म्हणेल, 'सगळं ओके आहे, कर सही.' तेवढ्यावर सही करायची नाही. चाव्या मोज, त्यांचे नंबर रजिस्टरशी ताडून बघ. टॉर्च लावून बघ, वॉकीटॉकीवर एकदा बोलून बघ. आत अजून कोण थांबलंय, कुठली गाडी रात्रभर उभी राहणार आहे, कुठे वेल्डिंग किंवा कटिंग झालंय, हे त्याच्याकडून काढून घे. वेल्डिंगचं मुद्दाम लिहिलं. ठिणगी भंगारात किंवा पुठ्ठ्यात धुमसत राहते आणि माणसं निघून गेल्यावर पेट घेते, म्हणून त्या जागी पुढचे काही तास पुन्हा पुन्हा जाऊन यावं लागतं. हे सगळं झालं की सही. तुझा रिलिव्हर, म्हणजे तुझ्यानंतर ड्युटीवर येणारा गार्ड, वेळेवर आला नाही तर सुपरवायझरला कळव, पण पोस्ट मोकळी सोडू नकोस.

गेटवर येणाऱ्याला आधी नमस्कार, मग प्रश्न. नाव, कुणाला भेटायचंय, काय काम. ज्याला भेटायचंय त्याला फोन लावून होकार घेतल्याशिवाय पास द्यायचा नाही, पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी. आत जातानाची वेळ सगळे लिहितात, बाहेर पडतानाची राहून जाते. इमारत रिकामी करायची वेळ आली की आत किती माणसं अडकली असतील हे त्या रजिस्टरवरूनच कळतं. सकाळीच निघून गेलेल्या माणसाची 'आउट'ची वेळ लिहिली नसेल, तर त्याला शोधायला कुणीतरी धुरात शिरेल.

दोन्ही हातांत खोकी घेऊन एखादा येईल आणि म्हणेल, 'जरा दार धरा.' दार धर, पण कार्ड बघूनच आत सोड. साहेबांनाही हाच नियम. चांगले साहेब त्यावर रागावत नाहीत.

मालाचं थोडक्यात सांगतो. गेटपासवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळव, नग स्वतः मोज, बाहेर जाऊन परत येणारा माल वेगळ्या रजिस्टरात घे, ट्रकच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी मिळव. झडती घेताना माणसालाच त्याची बॅग उघडायला सांग, तू हात घालू नकोस. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही आडोशाला.

आता राउंड. माझ्या मते गार्डची खरी पारख इथेच होते. पहिला राउंड दिवसाउजेडी मार, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात काय असायला हवं ते डोक्यात पक्कं असेल. नंतर वेळ आणि वाट बदलत राहा. गार्ड ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर येतो हे बाहेरच्याला समजलं, तर राउंडचा उपयोग संपला. बंद दिसणारं दार हाताने ढकलून बघ. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि तिचं सील जागेवर आहे का, हे वाकून बघ. रिकाम्या मजल्यावर मिनिटभर उभा राहून ऐक. रोज घुमणारा पंखा आज गप्प आहे का? कुठे पाणी गळतंय का? जळक्या वायरचा वास येतोय का?

१७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाचा २४ वर्षांचा गार्ड राउंडवर होता. तळघरातल्या एका दाराचं लॅच अडकू नये म्हणून कुणीतरी त्यावर टेप चिकटवलेली त्याला दिसली. कामगारांनी लावली असेल, असं समजून त्याने ती काढली. पुढच्या खेपेला बघतो तर टेप पुन्हा लावलेली. त्याने पोलिसांना बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच माणसं पकडली गेली, आणि तिथून उलगडत गेलेल्या प्रकरणात ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. विल्सच्या त्या रात्रीच्या रजिस्टराचं पान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलंय. त्यात १ वाजून ४७ मिनिटांची नोंद आहे: दारांवर टेप सापडली, तपासणीसाठी पोलिसांना बोलावलं. एवढंच. कोण असेल, का केलं असेल, याचा एकही अंदाज त्यात नाही.

तूही असंच लिही. 'रात्री एक संशयित माणूस दिसला' या नोंदीचा कुणाला उपयोग नाही. '०२:१५, मागच्या भिंतीजवळ, अंदाजे तीस वर्षांचा पुरुष, निळा शर्ट, हातात काळी बॅग, हटकल्यावर पार्किंगच्या दिशेने गेला, ०२:१७ ला सुपरवायझरला फोन केला' ही नोंद झाली. चोवीस तासांची वेळ, पेनाने. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी सही कर. खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला की त्या पानावरचा विश्वास जातो. आणि न मारलेला राउंड कधीही लिहू नकोस. एक खोटी नोंद सापडली की तुझ्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आगीबद्दल मला फार काळजी वाटते, म्हणून नीट वाच. आधी अलार्म, मग फोन, मग विझवणं. आग अगदी लहान असेल आणि बाहेर पडायची वाट तुझ्या पाठीशी असेल, तरच एक्स्टिंग्विशर उचल. सहा किलोच्या सिलिंडरमधली पावडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. नोझल ज्वाळांवर धरू नकोस, आगीच्या बुडाशी धर. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही. लिफ्ट वापरायची नाही, कुणाला वापरू द्यायची नाही.

आणि इमर्जन्सी दाराला कुलूप दिसलं, किंवा पुढ्यात खोकी रचलेली दिसली, तर त्याच क्षणी कळव आणि लेखी नोंद कर. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले, त्यातल्या बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी चोरी करू नये, बाहेर पडताना एकाच दाराशी पिशव्या तपासता याव्यात, यासाठी. म्हणजे सुरक्षेच्याच नावाखाली. तुला कुणी सांगितलं की 'चोऱ्या होतात, मागचं दार बंद ठेव', तर दाराला अलार्म बसवायला सांग, कॅमेरा मागून घे, पण कुलूप लावू देऊ नकोस.

बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, माणसं लांब न्यायची, आणि तिच्याजवळ उभं राहून वॉकीटॉकी किंवा मोबाइल वापरायचा नाही. कुणी अंगावर धावून आलं तर आवाज खाली आण, दोन हातांचं अंतर ठेव, त्याची बाहेर जायची वाट अडवू नकोस. तू पोलीस नाहीस. गणवेश अंगावर आहे म्हणून हात उगारायचा अधिकार मिळत नाही.

रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच ही वेळ जड जाते, शरीराची रचनाच तशी आहे. त्या वेळी खुर्चीत बसू नकोस, जास्तीचा राउंड मार. दिवसाची झोप मात्र हक्काने घे, खोली अंधारी करून.

पहिला आठवडा झाला की पत्र लिही. तब्येत कशी आहे, सोबतचे लोक कसे आहेत, ते कळव. कॅमेरे कुठे आहेत, चाव्या कुणाकडे असतात, शिफ्ट कधी बदलते, हे मलाही लिहायचं नाही.

तुझा,
काका