एक्झॉस्ट फॅन लावूनही स्वयंपाकघर कोंदतं, मोठा फॅन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय, सोलापुरात नवा फ्लॅट आहे, धुळीमुळे खिडक्या बंद असतात, नऊ इंची एक्झॉस्ट चालू असतो, तरी मिरच्या भाजल्या की ठसका हॉलपर्यंत जातो. मोठा फॅन घेऊ नका, पैसे वाया जातील. फॅन हवा बाहेर फेकतोय, पण आत यायची कुठून? फॅन चालू करून दार बोटभर उघडा आणि फटीशी उदबत्ती धरा. धूर झपकन आत ओढला गेला तर तुमच्या फॅनला हवाच पुरत नाहीये.

हे मला कांद्यानं शिकवलं.

माझं सासर मोहोळ तालुक्यात. २०२३ च्या एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा काढला. भाव पडलेला होता, म्हणून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये भरला. पंचवीस टनांची चाळ. तळाला दीड-दोन फूट मोकळं, म्हणजे हवा खालून शिरते आणि कांद्यातून वर निघून जाते. बांधलेलं सगळं बरोबर होतं. जुलैत झड लागली आणि मोठ्या भाऊजींनी दोन्ही बाजूंना ताडपत्र्या बांधल्या, पार जमिनीला टेकेपर्यंत. मी म्हटलं, "भाऊजी, पाऊस उघडला की वर गुंडाळत जा, खालून तरी वारं लागू द्या." ते म्हणाले, "तुम्ही शहरात राहता, चाळीतलं तुम्हाला काय कळतंय?"

ऑगस्टात ताडपत्र्या सोडल्या. वरचा थर खडखडीत वाळलेला. मी कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब, उकिरड्यात असते तशी. कांदा बोटाखाली दबला आणि पाणी सुटलं. तो वास दोन दिवस हाताचा गेला नाही. दहा टन फेकला. तेवढ्यात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, भाऊजी घाबरले आणि उरलेला मिळेल त्या भावात देऊन मोकळे झाले.

आजही ते म्हणतात, "बाजारानं मारलं." नाही. शेजारी चुलत सासऱ्यांची चाळ होती. त्यांनी उघडीप मिळाली की ताडपत्री वर घेतली. त्यांचा कांदा ऑक्टोबरअखेरीस आमच्या दुप्पट भावानं गेला. आम्हाला ताडपत्रीनं मारलं.

बाजारानं मारलं ते त्यानंतर. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, नेमका लाल कांदा निघायच्या वेळी. जानेवारीत सोलापूरच्या मार्केटला गाड्यांच्या रांगा. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाऊन पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या कागदावर, उरलेला आकडा बघून आमचे हे जेवले नाहीत. लाल कांदा टिकत नाही, त्याला चाळीत ठेवून वाट बघता येत नाही. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तोवर आमच्याकडे एक पिशवी उरली नव्हती. शेतकऱ्यांनी जास्त पिकवलं म्हणून भाव पडला, असं कुणी म्हटलं की माझं डोकं तापतं. त्या वर्षी देशातलं उत्पादन ३०२ लाख टनांवरून २४२ लाखांवर आलं होतं. माल कमी होता, तरी जायची वाट बंद केल्यावर तो तुंबलाच. तुमच्या स्वयंपाकघरात उलटं आहे. तिथं जायची वाट आहे, यायची नाही.

तर फॅनच्या समोरच्या बाजूला, खालच्या अंगाला, फॅनच्या तोंडाहून मोठी खिडकी किंवा झडप उघडी ठेवा. जाळी लावली तर जागा आणखी वाढवा, जाळी बरीच हवा अडवते आणि धुळीनं बुजली की काहीच येत नाही, म्हणून दर आठवड्याला धुवा. फॅनला चिकटून असलेली खिडकी उघडून उपयोग नाही. तिथूनच हवा आत येते, तिथूनच जाते, आणि शेगडीवरचा धूर तसाच राहतो. आमच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात चुलीवर साणं, म्हणजे धूर जायला छताला भोक होतं आणि दार समोर, एवढ्यावर काम भागायचं.

एप्रिल-मेमध्ये मात्र भर दुपारी हे करू नका, बाहेरची झळ घरात घ्याल. सकाळी लवकर आणि रात्री उघडा, दुपारी फोडणीपुरतं.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं. घरात गॅस गिझर असेल तर खिडक्या बंद करून एक्झॉस्ट अजिबात लावू नका. फॅनला हवा मिळाली नाही तर तो गिझरचा धूर घरात ओढतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, कळतही नाही. गिझर बाहेर गॅलरीत बसवून घ्या, जाळीचं नंतर बघा.