वाचकांचे प्रश्न : क्ले बार आणि गाडीचा रंग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची होती, म्हणून गाडीच्या रंगावर क्ले बार वापरण्यासंबंधीचे निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी गाडी चार वर्षांची असून तिचा रंग गडद निळा आहे. दर आठवड्याला मी ती शाम्पूने स्वच्छ धुतो, तरीही वाळल्यावर बॉनेटवरून हात फिरवला की बारीक रेती चिकटून राहिली असावी, असे बोटांना जाणवते. एका मित्राने क्ले बार वापरण्यास सांगितले. दुसऱ्याने मात्र त्याने रंग उतरतो, असे बजावले. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे खरे आहे आणि दोघांनीही आपल्याला अर्धेच सांगितले आहे. धुण्याने सुटी धूळ निघते. आपल्या बोटांना जे जाणवते ते सुटे नसून रुतलेले आहे. ब्रेक लागताना चकती आणि पॅड यांच्या घर्षणातून उडणारे तापलेले लोहकण, रस्त्यावरच्या डांबराचे शिंतोडे, झाडांचा चीक, जवळपास फवारणीने रंगकाम चालू असेल तर हवेतून येणारे रंगाचे तुषार, अशा कितीतरी गोष्टी रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, घट्ट धरून बसतात आणि धुण्याचा स्पंज त्यांच्यावरून नुसताच सरकून जातो.

हे कण काढण्यासाठीच क्ले बार असतो. नावात ‘क्ले’ असले तरी ही कुंभाराची माती नव्हे. कृत्रिम रेझिनमध्ये अतिशय बारीक घर्षक कण मिसळून केलेली ती मऊ, चिवट वडी असते. जपानी संशोधक तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये अशा पदार्थासाठी अमेरिकेचे पेटंट मिळाले, त्याच्या शीर्षकाचाच अर्थ मुळी ‘लवचीक घासणदगड’ असा होतो. मला हे शीर्षक ‘क्ले’ या नावापेक्षा प्रामाणिक वाटते. मातीच्या नावामुळे आपण हाती पुसण्याचे काहीतरी धरले आहे, असा समज होतो; प्रत्यक्षात ते सौम्य का होईना, पण घासण्याचेच साधन असते.

रंगावर फवारलेल्या वंगणाच्या पातळ थरावरून ही वडी सरकते. रंगाच्या पातळीच्या वर डोके काढून बसलेला कण तिच्या चिकट अंगात अडकतो, जागेवरून उपटला जातो आणि वडीतच रुतून राहतो. वंगण भरपूर असेल तर खालच्या सपाट रंगाला वडी फारशी लागत नाही; वंगण कमी पडले, की तीच वडी आणि तिच्यात अडकलेले कण रंगावर घासू लागतात, आणि आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे तेथून खरे ठरू लागते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते, त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. नीट वापरलेली वडी त्यातले मोजता येईल असे काही नेत नाही. कोरडी फिरवलेली, मळलेली किंवा दाबून घासलेली वडी मात्र बारीक ओरखडे पाडते, आणि गडद निळ्या रंगावर ते लपत नाहीत.

क्ले वापरायचा की नाही, हे ठरवण्यासाठी गाडी धुऊन झाल्यावर हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवावी आणि बोटांची टोके रंगावरून अलगद फिरवावीत. उघड्या बोटांना जे निसटते तेही पिशवीतून स्पष्ट कळते. बॉनेट आणि छत खरखरीत लागले, पण दरवाजे गुळगुळीत असले, तर दरवाज्यांना हात लावण्याचे काहीच कारण नाही. वर्षातून दोनदा क्ले फिरवलाच पाहिजे, असा नियम अनेक जण सांगतात. तो मला पटत नाही. घासण्याचे साधन दिनदर्शिका पाहून काढायचे नसते.

प्रश्न : क्ले बार विकत आणला आहे, पण प्रत्यक्ष कृतीविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. वंगण कोणते घ्यावे, किती जोर लावावा, गोल फिरवावा की सरळ, याचे सविस्तर मार्गदर्शन करावे. माझ्याकडील पाकिटावर ‘मध्यम’ असे लिहिले आहे.

उत्तर : प्रथम पाकिटाविषयी. क्ले सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा प्रतींत मिळतो. कोणत्या प्रतीचा रंग कोणता, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, तेव्हा वडीच्या रंगावरून अंदाज बांधू नये. घरी वापरणाऱ्याने सौम्य प्रतीपासूनच सुरुवात करावी, आणि मध्यम प्रत सौम्य वडीला दाद न देणाऱ्या जागांपुरती ठेवावी. तीव्र प्रत ज्यांना पुढे यंत्राने पॉलिश करायचेच आहे, म्हणजे क्लिअर कोटचा वरचा अगदी पातळ थर घासून समतल करायचा आहे, त्यांच्यासाठी असते. आपण आणलेली वडी परत करता आली तर बरे. नाहीच तर आधी एखाद्या आडबाजूच्या, हातभर जागेवर करून पाहावे.

गाडी सावलीत उभी असावी आणि पत्रा हाताला गार लागावा, कारण तापलेल्या पत्र्यावर वंगण पाहता पाहता वाळते. गाडी नीट धुऊन घ्यावी. डांबराचे ठिपके दिसत असतील तर ते डांबर काढण्याच्या द्रवाने आधीच काढावेत. जे रसायनाने विरघळते, ते घासून काढण्यात शहाणपण नाही.

मग वडीतला साधारण ५० ग्रॅमांचा तुकडा घेऊन तो हाताने मळावा आणि तीन-चार बोटांखाली मावेल अशी चपटी चकती करावी. थंडीत वडी कडक होते आणि मळताना तडकते. अशा वेळी तिला थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावे. संपूर्ण वडी एकदम घेऊ नये, कारण हातातला तुकडा वाया गेला तर उरलेला भाग शाबूत राहतो, आणि तो वाया जाण्याचे प्रसंग येतात.

एका वेळी चाळीस ते पन्नास सेंटिमीटरचा चौरस घ्यावा, अधिक नको. त्या भागावर आणि चकतीवरही वंगण फवारावे आणि चकती मागे-पुढे, सरळ रेषेत सरकवावी. गोल फिरवण्यात तोटा असा, की एखादा ओरखडा उमटलाच तर सरळ ओरखडा ठरावीक बाजूनेच चमकतो, गोल मात्र प्रकाश कोठूनही पडला तरी दिसतो. जोर लावायचाच नाही. बोटांचे वजन पुरे. सुरुवातीला चकती अडखळते, बारीक खरखर ऐकू येते आणि बोटांनाही ती जाणवते. काही फेऱ्यांनंतर आवाज थांबतो आणि चकती अडवणूक न होता सरकू लागते. तो भाग झाला, असे समजावे. चकती मध्येच चिकटू लागली, तर ती ओढू नये, आणखी वंगण फवारावे. वंगण वाया गेले म्हणून कोणाच्या गाडीचे नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही. वाचवले म्हणून झालेले मात्र पुष्कळदा पाहिले आहे.

वंगण म्हणून क्लेसाठीचा खास द्रव उत्तम, परंतु गाडीचा साधा, वॅक्स न मिसळलेला शाम्पू पाण्यात कालवूनही काम होते. नुसते पाणी चालत नाही. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो ओशटपणा काढण्यासाठी केलेला असतो, घसरण टिकवण्यासाठी नव्हे.

प्रत्येक चौरस झाल्यावर तो मायक्रोफायबर कापडाने पुसावा, पिशवीतल्या हाताने तपासावा आणि चकतीची खालची बाजू पाहावी. तेथे तपकिरी किंवा काळसर थर दिसेल. तो आत जाईल अशी घडी घालून चकती पुन्हा मळावी आणि स्वच्छ बाजू वर काढावी. मळूनही स्वच्छ बाजू मिळेनाशी झाली, की तो तुकडा संपला. काम छतापासून सुरू करावे आणि बंपर व दरवाज्यांच्या खालच्या पट्ट्या, विशेषतः चाकांमागचा भाग, सर्वांत शेवटी घ्यावा, कारण सर्वाधिक रेती आणि डांबर तेथेच असते.

प्रश्न : क्ले फिरवताना तुकडा हातातून निसटून जमिनीवर पडला. धुऊन परत वापरता येईल का?

उत्तर : नाही, तो टाकून द्यावा. चिकटणे हाच त्याचा गुण असल्यामुळे जमिनीवरची रेती तो क्षणात पकडतो, आणि ती रेती धुऊन निघत नाही. एकदा असाच पडलेला तुकडा मी वरवर स्वच्छ करून, नव्याने मळून वापरला होता. दारावर उमटलेली त्याची रेघ काढण्यात पुढची दुपार गेली.

प्रश्न : माझ्या पांढऱ्या गाडीवर, विशेषतः मागच्या भागावर, असंख्य नारिंगी ठिपके आले आहेत. पत्रा गंजू लागला आहे, असे वाटून मी घाबरले आहे. क्लेने ते जातील का?

उत्तर : ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतील आणि रंग कोठेही फुगलेला किंवा सुटलेला नसेल, तर बहुधा गंज आपल्या पत्र्याचा नाही. रंगावर बसलेले लोहकण ओलाव्याने गंजले आहेत. पांढऱ्या रंगावर ते दिसतात, गडद रंगावर दिसत नाहीत, इतकाच फरक. येथे क्लेच्या आधी लोहकण विरघळवणारा द्रव वापरावा. अशा द्रवांत बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातील संयुगे असतात, आणि लोखंडाशी त्यांची क्रिया झाली की जांभळे ओघळ वाहू लागतात. ते पाहून दचकू नये. गाडी गार असताना, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत हे काम करावे; द्रवाला वास उग्र असतो. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबू नये, द्रव रंगावर वाळू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतर पिशवीची चाचणी पुन्हा करावी. एवढ्यानेच रंग गुळगुळीत झाला, तर क्लेचे पाकीट फोडूही नये.

प्रश्न : क्ले केल्यावर गाडी हाताला काचेसारखी लागते, पण उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. शिवाय पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोल न राहता पसरतात. काय चुकले?

उत्तर : थेंबांच्या बाबतीत काहीच चुकलेले नाही. क्लेबरोबर जुने वॅक्सही बरेचसे निघून जाते आणि रंग उघडा पडतो. म्हणून क्ले करून गाडी तशीच सोडू नये, त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे वॅक्ससारखेच रंगाला झाकणारे कृत्रिम लेपन, लावावे.

रेघा दोन प्रकारच्या असू शकतात. गोलाकार जाळे बहुधा जुने असते. चुकीच्या धुण्या-पुसण्याने ते पडते आणि क्ले त्याला काहीही करू शकत नाही, कारण तो रंगाच्या वर उभे असलेले काढतो, रंगात खाली गेलेले भरून काढत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेने किंवा खाऱ्या पाण्याच्या थेंबांनी रंगात पडलेल्या खळग्यांचेही तसेच. क्लेची चकती ज्या दिशेने फिरली त्या दिशेच्या धूसर, सरळ रेषा असतील, तर त्या क्लेच्या आहेत. दोहोंसाठी उपाय पॉलिशचाच. मात्र क्लेच्या रेषा सर्वांत सौम्य पॉलिशनेही सहसा जातात, आणि जुन्या जाळ्यासाठी अधिक क्लिअर कोट खर्ची पडतो. वॅक्स लावून झाले असल्यास ते पॉलिशबरोबर जाईल, पुन्हा लावावे लागेल.

प्रश्न : काच, मॅट रंग, सिरॅमिक कोटिंग आणि नुकताच रंगवलेला दरवाजा यांवर क्ले चालतो का?

उत्तर : काचेवर निःशंक चालतो. मॅट रंगावर मुळीच नाही. घासल्याने तेथे चमकदार डाग पडतात आणि पॉलिश करून ते दुरुस्तही करता येत नाहीत. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेले कठीण संरक्षक आवरण, क्लेने कमजोर होऊ शकते, म्हणून तेथे आधी रसायनाने स्वच्छता करावी. नव्या रंगाला पूर्ण कठीण होण्यास काही आठवडे लागतात. किती थांबावे, हे रंगवणाऱ्याला विचारावे. काळ्या, खडबडीत प्लास्टिकवर क्ले नेऊ नये, त्याचे कण खाचांत अडकून बसतात.

प्रश्न : वडीऐवजी क्लेचा हातमोजा घेतला तर?

उत्तर : त्यात मायक्रोफायबरवर रबरासारख्या कृत्रिम पदार्थाचा थर दिलेला असतो. काम झपाट्याने होते, आणि तो जमिनीवर पडला तर बहुधा धुऊन पुन्हा वापरता येतो. मात्र वडीत मळ गडप होतो तसा तो येथे होत नाही, पृष्ठभागावरच राहतो. म्हणून वंगणाच्या बादलीत तो वारंवार खळबळून घ्यावा लागतो. शिवाय हाताचा सगळा पंजा टेकत असल्याने बोटांना मिळणारी सूचना कमी होते. गडद रंगाला मी वडीच घेईन. हातमोजा घेतलाच, तर तो नवा असताना वंगण फवारून आधी गाडीच्या काचांवर फिरवावा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर कारखान्यातून आलेला थर तेथेच उतरेल, आणि नंतरच तो रंगावर न्यावा.