'तुला नक्की येतं काय?'

"ताई, मी 24 वर्षांचा, बी.कॉम., सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दोन वर्षं काकांच्या टॉवेल कारखान्यात पडेल ते काम केलं. बिलं, पॅकिंग, ट्रान्सपोर्टला माल पोचवणं, उधारीसाठी पार्ट्यांना फोन. आता कारखाना बंद झालाय. सहा महिन्यांत साठेक ठिकाणी बायोडेटा दिला, बोलावणं दोनदाच आलं. एका शेठनी विचारलं, 'तुला नक्की येतं काय?' मी गप्प बसलो. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कन्नड समजतं. मित्र पुण्याला चल म्हणतो, आई म्हणते सरकारी परीक्षा दे. मी कशातच पक्का नाही का?"

शेठचा प्रश्न टोचला असेल, पण तो रास्त होता. तू जी चार कामं सांगतोस ती खरं तर एकच आहेत: ऑर्डर आल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतचा सगळा रस्ता. लहान कारखान्यात प्रत्येक टेबलाला वेगळा माणूस नसतो, हा रस्ता एकटा दिवाणजी सांभाळतो. म्हणजे तुझं उत्तर तयार होतं. "ऑर्डर ते वसुली बघतो," एवढं म्हणायचं होतं.

मात्र त्यातली एक कडी घट्ट हवी, आणि तुझ्या शिक्षणाला ती हिशेबाची. सहा आठवडे रोज दोन तास दे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची शिकाऊ आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात मोजक्याच तारखांना नोंदी टाकता येतात, सरावाला तेवढं चालतं. काकांना विचारून जुन्या एका महिन्याची बिलं घे. खरेदी, विक्री, बँक सगळं चढव. मग त्याच महिन्याच्या जीएसटीच्या 2बी तक्त्याशी, म्हणजे माल विकणाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून बनलेल्या यादीशी, खरेदी ताडून बघ. हा तक्ता पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो. आकडे जुळणार नाहीतच. कुणी सूतवाल्यानं विवरणपत्र उशिरा भरलेलं असतं, कुठे बिल नंबर वेगळा टाकलेला, कुठे जीएसटी नंबरच चुकलेला. प्रत्येक फरकापुढे कारण लिही आणि पार्ट्यांची नावं झाकून तो कागद मुलाखतीला ने. प्रमाणपत्रं पाचपन्नास पोरांकडे असतात, असा कागद सहसा कुणाकडे नसतो.

ई-वे बिलही, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, हाताखालून जाऊ दे. परराज्यात 50,000 रुपयांवरचा माल जाताना ते लागतं. भाग 'ब'मध्ये गाडी नंबर भरायचा राहिला, किंवा वाटेत गाडी बदलली आणि नवा नंबर टाकला नाही, की माल रस्त्यात अडकतो. मुदतही बघायची. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो.

आणि कारखान्यात घालवलेली दोन वर्षं लपवू नकोस. 30 बाय 60 इंची टॉवेल म्हणजे सुमारे 1.16 चौरस मीटर. 400 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅमचा असेल तर वजन 465 ग्रॅमच्या आसपास, डझनाला साडेपाच किलोंहून थोडं जास्त. "माल हलका आलाय" म्हणून पार्टीनं पैसे अडवले, तर काटा लावून तिथल्या तिथे उत्तर देणारा हिशेबनीस शेठला सोन्यासारखा वाटतो.

बायोडेटा एका पानाचा कर. 'प्रामाणिक, कष्टाळू' काढून टाक, ते सगळेच लिहितात. त्याजागी रोज किती बिलं केलीस, किती पार्ट्यांची वसुली बघितलीस, ते आकडे घाल. भाषा वरच्या बाजूला येऊ दे. तेलंगणच्या पार्टीशी तिच्या भाषेत बोललं की वसुलीचा फोन लांबत नाही. कन्नड 'समजतं' एवढंच लिही, बोलता येतं असं लिहू नकोस.

फिरायला अक्कलकोट रोडची एमआयडीसी आधी धर. मग गणवेश शिवणारे, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, करसल्लागार. 11 आणि 20 या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा, त्यांच्या आसपास कुणी मान वर करत नाही. 21 नंतर जा. शेठला भेटण्याआधी दिवाणजीला भेट, काम कुठं तुंबलंय ते त्यालाच ठाऊक असतं. आठवड्याला आठ ठिकाणं. वहीत तारीख, कोण भेटलं, काय म्हणालं, परत कधी जायचं ते टिप. आठ दिवसांनी दुसरी फेरी मारायचीच. साठ बायोडेटे टाकून घरी बसलास, तिथंच बहुतेक गडबड झाली.

एक धोका आहे. 'सगळं करतो' म्हणणाऱ्यावर सगळंच लादतात. गाडी भरायला हात लावायला हरकत नाही, पण रुजू होताना मुख्य काम, वेळ आणि पगार लेखी घे. 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचं स्पष्ट विचार.

आई म्हणते त्या सरकारी परीक्षेचा अभ्यास पहाटे दोन तास चालू दे, पण त्यासाठी घरी बसू नकोस. पुण्याला खोली घ्यायची घाई कशाला? मुलाखत लागली तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा, रात्री घरी ये.

काकांकडची बिलांची फाईल मात्र याच आठवड्यात आण, रद्दीत जायच्या आत.