आराखडा गुंडाळून ठेव, आधी पाड्यावर जा

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. मुंबईच्या उपनगरातल्या बंद पडलेल्या शाळेत आदिवासी सांस्कृतिक केंद्र उभं राहणार आणि त्याचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून दिवसभर बरं वाटलं. आराखडाही मेहनतीनं केला आहेस. तरी तो सध्या गुंडाळून ठेव. रंगमंच, दालनं, उपाहारगृह, सगळं त्यात ठरून गेलं आहे आणि ‘आदिवासी सल्लागार समिती’ शेवटच्या पानावर आली आहे. ती पहिल्या पानावर असायला हवी होती.

हीच चूक मी केली आहे. खूप वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या मंचामागे आम्ही भला मोठा लग्नचौक, म्हणजे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात ते चित्र, काढून घेतला होता. गेरूच्या रंगावर पांढरी नक्षी, मध्ये लग्नाची देवी पालघट. उद्घाटनाला डहाणूकडच्या काही बायका आल्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून वारल्यांची लग्नं लावणारी बाई, त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग तिनं मला विचारलं, लग्न कुणाचं आहे?

मला उत्तर देता आलं नाही. चौक लग्नघरात काढतात. तांदळाच्या पिठानं तो काढायचा मान सवाशिणींचा, आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. आम्ही देवीला लग्नाशिवाय बोलावलं आणि भाषणांच्या मागे उभं केलं. चौक काढणारा तरुण वारलीच होता, म्हणून परवानगी आपोआप मिळाली असं आम्ही धरून चाललो होतो. एका कलाकाराचा होकार म्हणजे समाजाचा होकार नव्हे, हे मला तेव्हा कळलं. चौकाबद्दल सवाशिणी आणि धवलेरी बोलतील, कणसरी या धान्यदेवीच्या कथेबद्दल पूजाविधी करणारा भगत बोलेल, जमिनीबद्दल पाड्यावरची जाणती माणसं. कोणत्या गोष्टीत कुणाला विचारायचं, हेसुद्धा त्यांच्याकडूनच समजून घे.

पण म्हणून जुनं तसंच जपायचा हट्टही धरू नकोस. डहाणूकडच्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. तोवर हे बायकांचं काम, तेही लग्नकार्यापुरतं. त्यांनी तारपा या फुंकवाद्यावरचा तारपानाच, शेती, मासेमारी, रोजचं जगणं रंगवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. तो बदल समाजातल्याच माणसानं केला, म्हणून तो टिकला. पुढचा बदलही त्यांनाच ठरवू दे, तुझ्या दालनातल्या तरुण पोरापोरींना. कुणी मेट्रो काढेल, कुणी तोडलेली झाडं काढेल. गोरेगावच्या आरेतल्या मुलांनी मेट्रो कारशेडसाठीची २०१९ची वृक्षतोड डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांनी ‘पारंपरिक’च काढावं, असं सांगणारी तू कोण?

तू विचारलंस की शहरात असं केंद्र खरोखर आदिवासींच्या हातात राहिलेलं कुठे आहे. मला अमेरिकेतल्या सिॲटलचं उदाहरण मोलाचं वाटतं. मार्च १९७०मध्ये तिथले आदिवासी कार्यकर्ते बर्नी व्हाइटबेअर आणि त्यांचे साथीदार लष्कर रिकामं करत असलेल्या फोर्ट लॉटनच्या जागेत शिरले. ही जमीन आमच्या पूर्वजांची, तिच्यावर आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अटक झाली, तरी ते पुन्हा आले. पुढे वाटाघाटी झाल्या, २० एकर जागा ९९ वर्षांच्या करारानं मिळाली आणि १९७७मध्ये डेब्रेक स्टार केंद्र उघडलं. इमारतीच्या रचनेत व्हाइटबेअर यांचे भाऊ, शिल्पकार लॉनी रेयेस यांचा मोठा वाटा होता. म्हणजे कलाकार पाया खणायच्या आधीपासून तिथे होता, भिंती सजवायला मागाहून आला नव्हता. शहरात वेगवेगळ्या जमातींची माणसं राहत होती, म्हणून ज्या संस्थेनं ते उभारलं तिच्या नावातच ‘सर्व जमाती’ आहेत.

हे शेवटचं नीट लक्षात घे. तुझ्या आराखड्यात सगळीकडे वारली चित्रं आहेत, कारण शहराला तेवढंच ठाऊक आहे. मुंबईच्या पाड्यांवर मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, दुबळाही आहेत. कातकरी माणूस दारात आला आणि त्याला स्वतःचं काहीच दिसलं नाही, तर तो पुन्हा येणार नाही. आणि ही माणसं कुठून तरी शहरात आलेली नाहीत, शहर त्यांच्या पाड्यांपर्यंत येऊन पोचलं. स्वागताच्या फलकावर ‘मुंबईत आलेले आदिवासी’ असं लिहिलं आहेस, ते आजच खोड.

समितीला नकाराधिकार लेखी दे. एखादं चित्र, एखादा विधी, एखादा प्रायोजक नको म्हटलं, तर नको. बैठकीच्या दिवसाची मजुरी बुडते, ती भरून दे. डहाणू लोकलनं येणाऱ्याचा अर्धा दिवस गाडीतच जातो. मानधन कार्यक्रमाच्या दिवशीच हातात पडू दे, महिन्यांनी बिल मंजूर झाल्यावर नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन (मूळ प्रदेशाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळालं, तरी चादरी, कप, कुर्ते छापणारे कुणाला विचारतात? तुझ्या दुकानात तसला माल ठेवू नकोस. छायाचित्रं कुठे वापरणार, हे सोप्या मराठीत लिहून वाचून दाखव आणि मगच सही घे.

तारपानाच तू पाहिला आहेस. तारपा वाजवणारा तारपकरी मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. तुझ्या रंगमंचावर खुर्च्या एकाच बाजूला आहेत. तिथे नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करायला सांगावं लागेल आणि पाठ तारपकऱ्याकडे होईल. मंच काढून टाक. शाळेचं अंगण आहे ना, ते मोकळं ठेव.

आणि उद्घाटन. १५ ऑगस्ट लिहिला आहेस. तो शेतीच्या कामाचा काळ, आणि तारपा घुमतो तो भात कापून नवं धान्य घरात आल्यावर. या रविवारी आरेतल्या केलटी पाड्यावर जा, आराखडा घरीच ठेव आणि तारीख तुम्हीच सांगा म्हण. डिसेंबर सांगतील, तर डिसेंबर. अधिकाऱ्यांची समजूत घालायला मी तुझ्याबरोबर येईन.

तुझी,
बाई