प्रयोग फळ्यावरच का?

प्रश्न : नववीच्या विज्ञानाच्या तासाला प्रयोग फळ्यावरच होतात. सरांना न दुखावता काय सुचवावं? – काही विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नुसतं ‘प्रयोग घ्या’ म्हणू नका, तासात बसेल असा एक प्रयोग तयार करूनच न्या. जास्वंदीच्या 6 पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवून गाळा. हे घरीच उरका, नाहीतर निम्मा तास त्यातच जातो. वर्गात लिंबूरस घातला की अर्क गडद गुलाबी, चुन्याची निवळी (चुना पाण्यात कालवून तळाशी बसला की वर राहतं ते स्वच्छ पाणी; तुमच्याकडच्या गुऱ्हाळात चुना असतोच!) घातली की हिरवा. ग्लासला साबण राहिला तर रंग आधीच बिघडतो. चुना डोळ्यांपासून लांब ठेवा. आणखी एक, आमच्या मते प्रयोगाहून मोलाची सूचना : रंग सांगण्याआधी सरांनी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा.