कॅसिनो रिसॉर्टचा विकासक कसा निवडतात?

प्रश्न : गोव्याप्रमाणे आमच्याकडेही कॅसिनो रिसॉर्ट येणार, अशी बोलवा आहे. सरकार विकासक कसा निवडते?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : महाराष्ट्रात हा प्रश्नच उद्भवत नाही; कॅसिनोला परवाना देण्यासाठी केलेला १९७६चा कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला, त्यामुळे कॅसिनोच्या नावाने कोणी विसार घेऊन दारात आला, तर जमिनीच्या साठेखतावर (विक्रीच्या करारावर) सही करू नये. निवडीची पद्धत मात्र सिंगापूरकडून शिकण्याजोगी आहे. मरिना बे येथील कॅसिनो रिसॉर्टच्या जमिनीची किंमत तेथील सरकारने आधीच ठरवून टाकली, म्हणजे चढाओढ पैशांची न राहता आराखड्याची झाली, आणि पर्यटनाला ४०, वास्तुरचनेला ३०, गुंतवणुकीला २० व कंपनीच्या क्षमतेला १० टक्के महत्त्व देऊन २००६मध्ये विकासक निवडला. आपल्या किनाऱ्यावर साध्या रिसॉर्टची निविदा निघाली, तरी असे निकष आधी जाहीर व्हावेत आणि त्यांत रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करण्याच्या) जागेला व सुरूच्या बनालाही गुण असावेत, असे मला मनापासून वाटते.